कोनाडा आला

वन्सं, तुमचा किल्ला पाहून आले.

हे वाक्य ऐकायला तुम्ही किती वर्षं टपून बसला होतात, आणि आता मी म्हणतेय तर तुम्ही नाही. समोर असतात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "मग? कसा वाटला? खरं खरं बोल हं, वैजू." आणि मीही काही सरळ उत्तर दिलं नसतं. "ठीक आहे. आमच्याकडच्या गडांपुढे काही नाही," असं म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले असते. आता तेही करता येत नाही. भांडायला समोर माणूस लागतं.

दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. दुपारी "जरा पडते" म्हणालात, आणि चहाला उठलाच नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, किती छान मरण, कुणाला त्रास नाही. मला झाला त्रास. अजून होतोय. पण तो सांगायचा कुणाला? लोकांच्या लेखी नणंद ती नणंद. हे गेले तेव्हा महिनाभर घर माणसांनी भरलेलं होतं. नणंद गेली की तेराव्यानंतर लोकांना वाटतं, चला, हिची एक जबाबदारी संपली. हर्षद पुण्याहून आला, सगळं नीट केलं त्यानं, तुमचा लाडका भाचा शेवटी. पण जाताना मला म्हणाला, "आई, आता तू मोकळी झालीस, चल माझ्याकडे." मोकळी! अयोध्या नगरातल्या या घरात मी आता इतकी मोकळी आहे की माझ्याच कुकरची शिट्टी झाली तरी दचकते.

नणंद-भावजय एका घरात इतकी वर्षं कशा राहिल्या, याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. मला विचाराल तर आपण तुमच्या मराठीमुळे राहिलो. मी सातारा जिल्ह्यातली, मागच्या दारातून गड दिसणाऱ्या घरातली. तुम्ही जन्मापासून भोपाळच्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, लग्न न केलेल्या मोठ्या नणंद. माहेरच्यांनी मला घाबरवूनच पाठवलं होतं. पिपलानीच्या क्वार्टरमधली माझी पहिली संध्याकाळ. अचानक अंधार झाला आणि तुम्ही आतून ओरडलात, "लाइट चालली गेली!" नव्या नवरीचा सगळा संकोच विसरून मी विचारलं, "कुठे? आणि पायी?" मग अंधारातून तुमचं ते हसू आलं, आधी नाकातून आणि मग पोटातून. माझी भीती तिथेच गेली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलेल्यातलं हे पहिलं.

पुढे तुम्ही "नहाऊन येते" म्हणायचात आणि मी "आंघोळ, आंघोळ" करत मागे लागायची. मी शेजारणीला "आपके यजमान कब आएँगे?" असं विचारायची आणि तुम्ही तिला समजावायचात की हिच्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात, पूजा वगैरे काही नाही. एकमेकींची भाषा सुधारण्यात आपली निम्मी जिंदगी गेली. हे बघा, जिंदगी. तुमचीच कृपा.

आणि लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो आला आला.

तुम्ही शाळेची मुलं घेऊन रायसेनच्या किल्ल्यावर गेला होतात. परतलात ती साडी धुळीनं माखलेली, घसा बसलेला. चपला न काढता दारातूनच म्हणालात, "वैजू, किल्ल्यात एक आला आहे!"

माझ्या हातात लाटणं होतं. मी विचारलं, "कोण आला?"

"अगं, कोणी नाही. आला!"

"अहो, पण कोण?"

"आला गं, आला! भिंतीत!"

हे पेपरमागे हसून हसून लाल झाले होते, पण सोडवायला काही आले नाहीत. शेवटी तुम्ही भिंतीतल्या दिवा ठेवायच्या जागेवर हात आपटलात. "हा! याला काय म्हणतात तुमच्याकडे? आला!"

"हा? हा तर कोनाडा."

"तेच ना! कोनाडा!"

"मग कोनाडा आला असं म्हणा की."

एवढ्यावरून आपण तिघं जेवताना ठसका लागेपर्यंत हसलो. मग तुम्ही नीट सांगितलंत. किल्ल्यावर इत्रदान महाल म्हणून आहे, त्यात समोरासमोरच्या भिंतींत कोनाडे आहेत. एकात तोंड घालून कुजबुजलं की समोरच्यात कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं, आणि मधे उभ्या असलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही. मला ते अर्थातच खरं वाटलं नाही. म्हटलं, इतिहासाच्या बाईंनी जरा तिखटमीठ लावलंय.

त्या दिवसापासून बेल वाजली की मी आतून विचारायची, "कोण आला?" आणि तुम्ही बाहेरून म्हणायचात, "कोनाडा आला!" कधी दमून म्हणालात, कधी आपलं भांडण झालेलं असताना चिडून म्हणालात. हे हॉस्पिटलात होते तेव्हा घरी डबा न्यायला यायचात, तेव्हा अगदी हळू म्हणायचात, पण म्हणायचात. पिपलानीचं क्वार्टर सुटलं, हे घर बांधलं, दार बदललं, बेलसुद्धा बदलली. विचारणारी मात्र नेहमी आतली मी, आणि उत्तर देणाऱ्या बाहेरच्या तुम्ही.

किल्ल्यावर न्यायच्या तुमच्या पत्र्याच्या पेटीची सुरुवातही त्याच हिवाळ्यातली. तुम्हाला सनावळ्यांचा राग होता. म्हणायचात, "किल्ल्यावर नेऊन पोरांना तारखाच विचारायच्या तर वर्गात काय वाईट होतं? फुकटची चढाई." मग तुम्ही चिठ्ठ्या काढल्यात. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. जवाहर चौकातून जाड कागद आणायचा, तुम्ही स्कूटर चालवायची आणि मी मागे त्या कागदांची गुंडाळी धरून बसायची. वाऱ्यानं ती गुंडाळी आडवी व्हायची आणि शेजारून जाणारा सायकलवाला शिव्या द्यायचा. तुम्ही मागे न बघता त्याला "सॉरी भैया" म्हणायचात.

चिठ्ठीला भोक पाडून सुतळी ओवायची आणि मुलाच्या गळ्यात अडकवायची. खाली बसमधून उतरताना मूल शाळेचं असायचं, गळ्यात चिठ्ठी पडली की ते किल्ल्याचं व्हायचं. "तुम भिश्ती हो। सारा क़िला प्यासा है। पानी कहाँ से लाओगे?" "तुम रसोइया हो। लकड़ी कहाँ रखोगे कि बारिश में न भीगे?" "तुम दासी हो। रानी की बात चुपके से दूसरे तक पहुँचानी है। कैसे पहुँचाओगी?" दिवसभर मुलांनी आपापलं उत्तर शोधायचं आणि परतताना बसमध्ये सगळ्यांना सांगायचं. तुम्ही मधे बोलायचं नाही, हा नियम तुम्हीच घातलेला, आणि तुम्हालाच तो सगळ्यात जड जायचा.

पहारेकऱ्याच्या चिठ्ठीपाशी मी नाक खुपसलं. तुम्ही म्हणालात, तटाच्या भिंतीत त्या उभ्या फटी असतात ना, बंदूक बाहेर काढायला, त्यांना काय लिहू? माझं माहेर गडाच्या पायथ्याचं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "त्यांना जंग्या म्हणतात. बाहेरून बारीक, आतून रुंद." तुम्हाला शब्द इतका आवडला की मी तोच लिहिला, ठसठशीत अक्षरात: "तुम पहरेदार हो। दीवार में जंग्या ढूँढो। उसमें से क्या-क्या दिखता है?"

पुढचं काय सांगू. तुम्हीच येऊन सांगितलंत, डोळे पुसत पुसत. एक पोरगा चिठ्ठी घेऊन तुमच्यापुढे उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मैडम, दीवार में जाँघिया क्यों ढूँढना है? किसका है?" मग काय, सगळा वर्ग तटावर गडाबडा लोळला. बरोबरच्या सरांनी तोंड फिरवलं. आणि तुम्ही, वन्सं, तुम्ही मुलांना सांगितलंत की हा शब्द आमच्या भाभीनं दिलाय. शाबास तुमची.

मी लाजेनं अर्धी झाले. म्हटलं, तो शब्द आधी काढा, झरोखा लिहा, छेद लिहा, काहीही लिहा. तुम्ही ऐकलं नाहीत. "पोरं हसली ना, मग विसरणार नाहीत. झरोखा म्हटलं तर संध्याकाळपर्यंत विसरतील." चिठ्ठ्या फाटायच्या, मी नव्या लिहायची, आणि दर वेळी आपला तोच वाद. मी पेन उचलून धरायची, "झरोखा?" तुम्ही मान हलवायचात, "जंग्या." हा वाद काही मिटला नाही.

दुसरा वाद त्याहून मोठा. तुम्ही म्हणायचात, "एकदा चल ना किल्ल्यावर. ज्याच्यासाठी एवढं करतेस ते बघ तरी." पहिल्यांदा मी म्हटलं, मी येणार नाही, पोरं म्हणतील हीच ती जाँघियावाली. मग म्हटलं, तो कसला किल्ला, किल्ले बघायचे तर आमच्याकडे. तुम्ही म्हणालात, "न बघता?" मी म्हटलं, न बघता. मग हर्षद लहान होता, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग यांचं दुखणं, मग माझे गुडघे. कारणांची मला कधी ददात पडली नाही. पण खरं सांगू? तो किल्ला तुमचा होता. शाळा, मुलं, बस, घसा बसेपर्यंत बोलणं, सगळं तुमचं. माझा घरातला भाग मला पुरत होता. तुम्ही बाहेरून यायचं आणि मी विचारायचं, कोण आला. मी पण बरोबर आले असते तर विचारलं कुणी असतं?

त्या चादरीची आठवण आहे ना? यांची जुनी तपकिरी चादर, पोरांना नकाशा म्हणून तिच्यावर मी अख्खा किल्ला शिवला. तट सुतळीचा, दरवाजे ब्लाउजच्या अस्तराचे, तळी तुमच्या निळ्या परकराच्या काठाची. न बघितलेला किल्ला शिवायचा म्हणजे काय ते मलाच ठाऊक. तुम्ही ओट्यावर भाजी मांडून दाखवायचात, "हा बटाटा म्हणजे मोठा दरवाजा. ही वांगी म्हणजे तळी. कांद्यापासून इकडे सरळ गेलं की महाल." मी विचारायची, पूर्व कुठे? तुम्ही म्हणायचात, गॅसकडे. यांना त्या दिवशी सगळ्या भाज्यांची एकच मिसळभाजी मिळायची. किल्ला खाल्ला, असं म्हणायचे ते.

निवृत्त झालात तरी शाळा दर हिवाळ्यात तुम्हाला बोलवायची, आणि तुम्ही ती पत्र्याची पेटी घेऊन जायचात. या दिवाळीत फराळाचे डबे भरताना पुन्हा म्हणालात, "या वर्षी तरी चल. मी पण आता हळूच चढते. दोघी म्हाताऱ्या हळूहळू चढू." मी म्हटलं, "बघू." आपल्यात बघू म्हणजे नाही, हे दोघींना माहीत. तुम्ही चकलीचा डबा बंद केलात. मला वाटलं होतं, पुन्हा म्हणाल. तुम्ही नेहमी पुन्हा म्हणायचात.

मग निदा आली. तुमच्या हाताखाली शिकलेली, आता त्याच शाळेत शिकवणारी. तेराव्याला आली होती तेव्हा रडली होती, ती मला दिसलेली. या वेळी पेढ्यांचा पुडा घेऊन आली, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "आंटी, अगले हफ़्ते रायसेन है। वो मैडम वाली पेटी... अगर आप दे दें तो।"

मी म्हटलं, "नहीं।"

मला वाटतं तिच्यापेक्षा मीच जास्त दचकले. ती बिचारी म्हणाली, "कोई बात नहीं आंटी, हम नई बना लेंगे।" हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. नवीन बनवणार! काँप्युटरवर छापून, रंगीत चित्रं टाकून! मी तिला काही बोलले नाही, पण चेहरा लपत नाही माझा. ती पाया पडून गेली.

तुम्हीच सांगा, कशी देणार होते? तुमच्या साड्या हर्षदनं देऊन टाकल्या, चष्मा कुणीतरी नेला, कॉट तेवढी राहिली. घरात तुमचा आवाज म्हणून शिल्लक होती ती त्या चिठ्ठ्यांत. अक्षर माझं असेल, पण वाचलं की तुम्हीच बोलताय. ती पेटी गेली की मग घरात मी आणि कुकर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली. चादर काढून तुमच्या कॉटवर अंथरली. उन्हं खिडकीतून थेट तटावर पडली होती. मग चिठ्ठ्या पाहिल्या. बाकीच्या ठीक होत्या, पहारेकऱ्याची मात्र मधोमध फाटलेली. म्हटलं, निदान ही लिहून ठेवू. जाड कागद उरलेला होता. कापला, पेन घेतलं. "तुम पहरेदार हो। दीवार में" इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. सवयीनं मी मान वर करून म्हटलं, "झरोखा?"

वन्सं, आता मला कोण अडवणार होतं? इतक्या वर्षांचा वाद, आणि समोरची बाजू रिकामी. लिहिलं असतं झरोखा तर झालं असतं. मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग जंग्या लिहिलं आणि खूप रडले. तुम्ही गेल्यावर धड रडलेही नव्हते, ते त्या दिवशी जंग्यांवर रडले. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं.

संध्याकाळी निदाला फोन केला. म्हटलं, "पेटी देती हूँ। लेकिन वो अकेली नहीं जाएगी।" ती म्हणाली, "आंटी, आपके लिए आगे वाली सीट रखूँगी।"

आता ऐका. चढ तुम्ही सांगत होतात तितका सोपा नाही. मधे मधे दगडावर बसावं लागलं, आणि प्रत्येक दगडावर मनात म्हटलं, वन्सं, तुम्ही मला थापा मारल्यात. पायऱ्या आमच्याकडच्या चांगल्या, हे मी मागे घेणार नाही. पण मोठ्या दरवाजातून आत गेले आणि मला हसू फुटलं. बटाट्याच्या जागी खरोखर दरवाजा होता! पुढे डावीकडे वळलं की वांगी, म्हणजे तळी, पाणी असलेली. निदा मला हात धरून रस्ता दाखवायला बघत होती आणि मीच तिला म्हणत होते, अब इधर से, अब इधर से. ती विचारते, आंटी, आप पहले आई हैं? तिला काय सांगू, दर हिवाळ्यात आमच्या ओट्यावर यायचे.

जंग्या पाहिल्या. एकीत डोळा घातला. बाहेर केवढा मोठा मुलूख उन्हात पसरलेला, शेतं, रस्ता, मुंगीएवढ्या गाड्या. आत मात्र गार अंधार. तिथे उभं राहून मी एकटीनंच मोठ्यांदा म्हटलं, "बरा आहे." माझ्या तोंडून "बरा आहे" म्हणजे काय, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. शेजारी एक पहारेकरी गळ्यात माझी नवी चिठ्ठी घालून उभा होता, तो दुसऱ्याला सांगत होता, "अबे, जाँघिया नहीं, जंग्या। बाहर से पतली, अंदर से चौड़ी।" तुमचं खरं होतं. विसरत नाहीत.

शेवटी महालात पोचले. निदानं मला एका भिंतीतल्या कोनाड्याशी नेलं. "आंटी, इसमें मुँह डाल के धीरे से कुछ बोलिए। उधर सुनाई देता है।" समोरच्या भिंतीशी मुलांची झुंबड होती, माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी ठरवून आले होते. बसमध्ये वाक्य जुळवलेलं होतं. म्हणणार होते की वन्सं, मी भोपाळात टिकले ती तुमच्यामुळे. म्हणणार होते की बघू म्हणायला नको होतं मी. ऐकायला कुणी नसलं तरी निदान इतक्या जवळ येऊन म्हणणार होते.

कोनाड्यात तोंड घातलं. दगडाचा थंडावा गालाला लागला. आणि जुळवलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. तोंडातून सवयीचं तेवढं निघालं, अगदी हळू. "कोण आला?"

कान लावला. वाट बघायचं काही कारण नव्हतं, तरी लावला.

"कोनाडा आऽला!"

वन्सं! भिंतीला धरलं. आवाज बारीक, लाडिक, भोपाळी हेलाचा. वळून बघितलं तर समोरच्या कोनाड्यापाशी टाचा उंच करून एक मुलगी उभी, गळ्यात दासीची चिठ्ठी. मी तिच्यापाशी जाऊन विचारलं, "तुझे किसने बताया?"

ती म्हणाली, "सब यही बोलते हैं आंटी। मेरी दीदी ने बताया था। आले में यही बोलते हैं।"

निदा पुढे आली. तिचे डोळे भरलेले. "मैडम हर साल सिखाती थीं आंटी। हमको भी सिखाया था। एक तरफ़ वाला पूछेगा, दूसरी तरफ़ वाला बोलेगा। मेरी भी यही लाइन थी। अब तो जो बच्चे मैडम से मिले भी नहीं, वो भी बोलते हैं।"

आपल्या दारातली गंमत तुम्ही इथे आणून ठेवलीत, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत! किती मुलांनी म्हटली असेल ती. म्हणून "चल ना, चल ना" चाललं होतं का तुमचं? मला वर आणून, एका कोनाड्याशी उभं करून, समोरून ऐकवायचं होतं का? आता हे मी कुणाला विचारू? तुमचं हे वागणं मला अजिबात आवडलेलं नाही. आणि इतकं कुणी कधी माझं काही जपलंही नाही.

मग ती दासी माझा पदर ओढून म्हणाली, "आंटी, इसका मतलब क्या होता है? किसी को नहीं पता।"

सगळी मुलं जवळ सरकली. निदालाही माहीत नव्हतं. मी आला आणि कोनाडा समजावून सांगणार होते, लाटणं, पेपर, सगळं. पण ते हिंदीत सांगायला लागले आणि जमेना. शेवटी म्हटलं, "इसका मतलब है, मैं घर आ गई।"

मुलांना ते चटकन पटलं.

बसनं संध्याकाळी कोपऱ्यावर सोडलं. निदा पेटी घरापर्यंत आणून द्यायला निघाली होती. मी तिला म्हटलं, पेटी शाळेतच ठेव, पुढच्या हिवाळ्यात मला फोन कर म्हणजे झालं. फक्त चादर मी आणली आहे. तळ्याचा काठ उसवलाय, तो शिवून देईन, आणि महाल थोडा उजवीकडे सरकवायला हवा, तुमचा कांदा चुकीचा ठेवलेला होता.

साडी घोट्यापर्यंत धुळीनं माखलेली. घसा बसलेला. दाराशी उभी राहिले तेव्हा नकळत हात बेलकडे गेला. बेल वाजवली मी, वन्सं. आत वाजलेली ऐकली. मग थांबले. आपल्या खेळात पहिल्यांदाच मी दाराच्या बाहेरच्या बाजूला, आणि आतून कुणी विचारलं नाही.

पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत अंधार होता.

"कोनाडा आला," मी म्हटलं, आणि दिवा लावला.